जॅझ वाजविण्यास हरकत नाही

मेव्हणीच्या लग्नात मी जॅझ वाजवीन, असं मी कधीच म्हणालो नव्हतो. शिरूरला सासुरवाडीत जेवताना मी एवढंच म्हणालो होतो की, हल्ली लग्नात डीजेच्या दणक्यानं शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही, त्यापेक्षा पंगतीला काहीतरी हळुवार, सुसंस्कृत असावं. आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विचारलं की म्हणजे कसं? मी म्हणालो, उदाहरणार्थ जॅझ. मी दौंडला कॉलेजात गणित शिकवतो. 'उदाहरणार्थ' हा शब्द आमच्या तोंडात बसलेला असतो. 'हे मी स्वतः करून दाखवतो' असा त्याचा अर्थ नसतो. शिरूरला तो तसा झाला.

त्या घरात मी थोरला जावई. बरीच वर्षं एकुलता एक जावई होतो, आणि एकुलत्या एका जावयाचं सुख काय असतं ते ज्याला मिळालं त्यालाच कळतं. तव्यावरची पहिली भाकरी माझी, कूलरसमोरची खाट माझी, आणि मी काही बोललो की आप्पा टीव्हीचा आवाज कमी करायचे. मग धाकट्या गौतमीचं लग्न ठरलं. नवरामुलगा सत्यजीत, सणसवाडीच्या एका कारखान्यात इंजिनिअर, उंच, पांढरी मोटार असलेला आणि कमी बोलणारा. कमी बोलणारी माणसं मला आवडत नाहीत, त्यांच्यात काय कमी आहे ते लवकर कळत नाही. तो बघायला आला त्या दिवशी कूलर त्याच्याकडे वळवला गेला. मी त्या रात्री घरी आल्यावर नीलमला म्हणालो की, आपल्याला कूलरची फारशी सवय नसलेलीच बरी. नीलम माझी बायको. ती म्हणाली, "झोपा आता."

तर जॅझ. हे प्रकरण त्याच्या काही महिने आधीच सुरू झालं होतं. मोबाइलवर लॉगॅरिदमचं एक व्याख्यान शोधताना एक टक्कल पडलेला गोरा माणूस पियानोवर बसलेला दिसला. तो सांगत होता की कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम दाबायचे, त्यांना आकडे द्यायचे, आणि जॅझचं निम्मं शास्त्र 'दोन-पाच-एक' या तीन आकड्यांत आहे. दोन म्हणजे घरातून निघणं, पाच म्हणजे परतीची ओढ आणि एक म्हणजे घर. हे एकदा समजलं की वर मनाला येईल ते वाजवायचं. संगीतात आकडे असतात हे मला इतक्या उशिरा कळलं याचं मला फार वाईट वाटलं. शाळेत पेटीच्या मास्तरांनी आकड्यांऐवजी पट्टी वापरली होती, म्हणून ते राहून गेलं असावं.

मी कीबोर्ड आणला. बोटं वळत नव्हती, पण विश्लेषण जोरात सुरू झालं. गणपतीच्या आरतीला मी आकडे घातले. आईस्क्रीमच्या गाडीच्या सुरावटीला घातले. पाचव्या कॉर्डच्या जागी तिची एक लांबची कॉर्ड चालते, कारण दोघींच्या पोटात तेच दोन नाजूक सूर असतात, हे समजलं त्या दिवशी मी वर्गात जाऊन बदली शिक्षकाचं उदाहरण देऊन सगळं सांगितलं. मुलांनी विचारलं, परीक्षेला आहे का? नाही म्हटल्यावर त्यांनी पेनं खाली ठेवली.

अडचण एवढीच होती की दोनवरून पाचवर माझी बोटं वेळेत पोचायची, पण पाचवरून एकवर यायला करंगळी तयार नसायची. त्यामुळे मी पाचवर थांबायचो, पुन्हा दोनवर जायचो, पुन्हा पाचवर थांबायचो. शेजारच्या फ्लॅटमध्ये पोपटराव राहतात. मूळचे भांडगावचे बागायतदार, नातवंडांच्या शाळेसाठी दौंडला आले आणि इथं करण्यासारखं काही नसल्यामुळे दुपारी झोपतात. एका रविवारी ते बनियनवरच दारात उभे राहिले.

"सर, तुम्ही रोज गाडी आऊटरला आणून उभी करताय," ते म्हणाले. "फलाट समोर दिसतोय आन् उतरता येत न्हाई. एक तर आत घ्या, न्हाई तर माघारी न्या. माझा डोळा लागंना."

पाचवी कॉर्ड कानाला घराची ओढ लावते, असं तो टक्कलवाला म्हणाला होता. अमेरिकेत लावत असेल, दौंडला कशी लावेल, अशी मला शंका होती. ती पोपटरावांनी फेडली. मी आनंदानं त्यांचा हात हातात घेतला आणि त्यांना आत बसवून सगळी उपपत्ती सांगितली. चहा झाला तेव्हा ते म्हणाले की हे सगळं ठीक आहे, पण तुम्ही भजनी मंडळात का येत नाही? तिथं पेटीवाला नाही, आणि असला तरी कुणाला ऐकू येत नाही.

लग्नाचं कळल्यावर मात्र पोपटरावांनी जबाबदारी घेतली. एकट्यानं पेटी वाजवून लग्नं होत नसतात, वर फुंकणारा कुणीतरी लागतो, असं म्हणून त्यांनी शिरूरच्या शाकीर मास्तरांचं नाव सुचवलं. शाकीर मास्तर म्हणजे आसपासच्या गावांतला नावाजलेला क्लॅरिनेटवाला. स्वतःचा बँड, सोनेरी झालरीचा निळा कोट, मिशा दर शुक्रवारी काळ्या केलेल्या, आणि स्वतःबद्दलचं मत अतिशय चांगलं.

मी जॅझ म्हणताच ते म्हणाले, "हाय की आपल्याकडं. पण त्याचा मोठा ढोल फाटलाय." बँडवाल्यांच्या भाषेत ड्रमच्या सेटलाच जॅझ म्हणतात, हे समजायला आणि त्यांना माझा जॅझ समजवायला एक अख्खी सकाळ गेली. मनाला येईल ते वाजवायचं, हा भाग त्यांना ताबडतोब पटला. त्याला आम्ही हरकत म्हणतो, आणि हरकतीत शिरूर तालुक्यात आपला हात धरणारा नाही, असं त्यांनी सांगितलं. पण मी खाली कॉर्ड बदलायला लागलो की ते तोंडातून क्लॅरिनेट काढायचे.

"सर, मी सा वर उभा हाय," ते म्हणाले, "आन् तुम्ही खालची सतरंजी ओढताय."

मी समजावलं की सूर तोच असतो, खालची कॉर्ड बदलली की त्याचा अर्थ बदलतो. आता मी शिरूरला जावई आहे, दौंडला नवरा आहे, कॉलेजात सर आहे, माणूस तोच. शाकीर मास्तरांनी बराच विचार केला आणि विचारलं, "मंग किंमत जास्त कुठं?" मी म्हणालो, आपण पुन्हा पहिल्यापासून घेऊ.

दोघांच्या सुरांचाही घोळ होता. मी सगळं फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर शिकलो होतो, आणि शाकीर मास्तरांना काळी एक सोडून दुसऱ्या पट्टीत स्वतःचा आवाज आवडायचा नाही. पण कीबोर्डवर एक बटण असतं, ते दाबलं की बोटं आहेत तिथंच राहतात आणि सूर अर्धी पायरी वर सरकतो. गणिताच्या शिक्षकाला ही लबाडी वाटायला हवी होती. वाटली नाही. मी बटण दाबलं आणि आमची पट्टी जुळली. मग एकच प्रश्न उरला, तो म्हणजे शाकीर मास्तर हरकतीवर निघाले की परत यायचे नाहीत. मी मान हलवून खूण करायची असं ठरलं, पण ते डोळे मिटून वाजवायचे. शेवटी मी टेबलाखालून पाय मारायचा असं ठरलं.

लाऊडस्पीकरची परवानगी काढायला आप्पांनी मलाच पाठवलं, कारण मी सुशिक्षित. ज्या कार्यालयात मी गेलो तिथले गृहस्थ सभ्य होते. त्यांनी विचारलं, डीजे, बँड की धार्मिक? मी म्हणालो, जॅझ. ते म्हणाले की चौथा प्रकार नाही, पण 'इतर' मध्ये लिहू. त्यांनी तो शब्द पंख्याच्या आवाजावरून पलीकडच्या टेबलावरच्या टायपिस्टला ओरडून सांगितला. संध्याकाळी शिक्का मारलेला कागद हातात आला, त्यावर लिहिलं होतं: 'वधूपक्षातर्फे विवाहप्रसंगी जेवणाच्या वेळेत जाच करण्यास या कार्यालयाची हरकत नाही.'

दुरुस्तीसाठी मूळ परवानगी परत करावी लागणार होती, नवी परवानगी साहेबांच्या सहीनं मिळणार होती, आणि साहेब लग्न होईपर्यंत रजेवर होते. आप्पांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि विचारलं की जाच सहसा मुलाकडचे करतात ना? शाकीर मास्तरांचा आक्षेप वेगळाच होता. हरकत नाही म्हणजे काय, हरकती तर मी घेणारच, असं ते म्हणाले. नीलम म्हणाली की सरकारी कागदावर इतकं खरं आजवर कधी आलं नव्हतं. मंगल कार्यालयाच्या मॅनेजरनं तो कागद नियमाप्रमाणे हात धुण्याच्या बेसिनशेजारच्या फळ्यावर लावला, जिथं तो प्रत्येक पाहुण्याला वाचता येईल.

लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या, पंगती बसल्या आणि आम्ही सुरुवात केली. सुरुवात खरोखर चांगली झाली, हे मी कुणीही विचारलं तरी सांगतो. दोन, पाच, आणि करंगळीनं दगा न देता एक. शाकीर मास्तर वरून मऊ मऊ वाजवत होते. शालू नेसलेल्या गौतमीनं स्टेजवरून माझ्याकडे बघून मान डोलावली. सत्यजीतनंसुद्धा फोटोग्राफरकडे बघायचं सोडून इकडे पाहिलं. मला वाटलं, बघ, तुझ्या मोटारीत हे आहे का?

तेवढ्यात वीज गेली. बाहेर जनरेटर धडधडला, दिवे आले, मी कीबोर्ड पुन्हा चालू केला आणि थांबलो होतो तिथून जोमानं पुढे निघालो. वीज जाऊन आल्यावर कीबोर्ड ते बटण विसरतो, ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. मी आता माझ्या मूळ पट्टीत होतो आणि शाकीर मास्तर त्यांच्या. दोघांमध्ये अर्ध्या सुराचं अंतर होतं. ते काय असतं हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी दोन मांजरांना एकाच पिशवीत घालू नये, नुसती कल्पना करावी.

यात खरा घात आमच्या एकमेकांवरच्या विश्वासानं केला. जॅझमध्ये मोठे वादक मुद्दाम पट्टीबाहेर जाऊन वाजवतात, हे मी वाचलं होतं. मला वाटलं, शाकीर मास्तर तिथवर पोचले, वा! आणि शाकीर मास्तरांना वाटलं की सर सांगत होते ती बदली कॉर्ड ती हीच. मी आदरानं आणखी जोर दिला. त्यांनी आदरानं आणखी उंच स्वर लावला. पंगतीतल्या एका गृहस्थाचा मठ्ठ्याचा पेला तोंडाजवळच थांबलेला मला दिसला. ते तल्लीन झाले आहेत, असं मी धरलं.

आप्पा माझ्यामागे येऊन उभे राहिले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "नवनाथराव, थांबवा जरा," ते म्हणाले. "म्हातारी पानावरनं उठली."

म्हातारी म्हणजे सत्यजीतची आजी कस्तुराबाई. त्यांच्या घरात तिच्या शब्दाबाहेर कुणी नाही. ती हात धुवायला बेसिनपाशी गेली होती, तिथं तिनं कुणाकडून तरी फळ्यावरचा कागद वाचून घेतला, आणि नेमका तेव्हाच आमचा जॅझ कळसाला पोचला होता. मुलीकडच्यांनी जाहीर कागद लावून जाच मांडलाय आणि वर मयताचं वाजवतायत, असं म्हणून ती सरळ बाहेर गेली आणि गाडीत जाऊन बसली. तिच्यामागून मुलाकडची सगळी पंगत उठायच्या बेतात होती. जिलबी वाढणारे परातीसकट उभे होते.

मी स्टेजकडे पाहिलं. गौतमीचं तोंड उतरलं होतं. लग्नानंतर तिला याच बाईच्या हाताखाली राहायचं होतं, आणि पहिल्याच जेवणात मी तिच्या वाटेत हे आणून ठेवलं होतं. तोवर मला जी भीती वाटत होती ती माझ्या मानाची होती. ती एकदम कुठल्या कुठे गेली आणि तिच्या जागी खरी भीती आली. शाकीर मास्तर म्हणाले, "चला सर, मी येतो संगं." क्लॅरिनेट त्यांनी हातातच ठेवला होता. तो ठेवायला सांगण्याचं धैर्य मला झालं नाही.

कस्तुराबाई गाडीत पुढच्या सीटवर पदर घट्ट लपेटून बसली होती. मी हात जोडले आणि सांगितलं की तो टायपिंगचा घोटाळा आहे, तो शब्द जाच नसून जॅझ आहे.

"जाच तर कानानं ऐकला म्या," ती म्हणाली. "कागुद कशाला वाचू?"

मग तीच काचेतून दुसरीकडे बघत बोलायला लागली. त्यांच्या घरात सून आली की पंगतीला पहिलं गाणं कस्तुराबाईचं असतं. थोरल्या सुनेला तिनं गायलं, पुतणसुनांना गायलं, भावकीतल्या सगळ्या लग्नांना तिला माणूस पाठवून बोलावतात. कालपासून तिनं गाणं मनात जुळवून ठेवलं होतं. मांडवात येऊन बघते तर माइकपाशी एक पाव्हणा पेटी मांडून बसलेला.

"कुणी इचारलं का मला," ती म्हणाली, "का बाई, तुला गायचंय का?"

कुणी विचारलं नव्हतं. मला वाटलं नव्हतं की त्या मांडवात माझ्याशिवाय आणखी कुणी तयारी करून आलं असेल. मी म्हणालो, "आजी, आता विचारतो. तुम्ही गा, मी मागून वाजवतो."

"तुमाला येतं व्हय?"

"येत नाही," मी म्हणालो. "पण तुम्ही जाल तसा मागून येतो."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग शाकीर मास्तरांकडे वळून म्हणाली, "आन् हे मिशीवालं?" शाकीर मास्तर आयुष्यात पहिल्यांदाच कमी बोलले. "जी, मी पन," ते म्हणाले.

कस्तुराबाई माइकपाशी बसली. तिनं घसा साफ केला आणि कुणाकडेही न बघता सुरू केलं. तिची पट्टी माझीही नव्हती आणि शाकीर मास्तरांचीही नव्हती. मी बटण दाबायला हात नेला तेव्हा कीबोर्डच्या छोट्या पडद्यावर शून्य दिसलं आणि मघाचा सगळा प्रकार माझ्या ध्यानात आला. पण शरमायला वेळ नव्हता. बटण दाबत दाबत मी तिला गाठलं. चाल अगदी साधी, चार सुरांची. ओळीच्या शेवटी ती एका सुरावर येऊन टेकायची आणि तो धरून ठेवायची. पहिल्यांदा मी तिच्याखाली नुसता एक धरला. दुसऱ्या ओळीला ती तिथं टेकली तेव्हा भीत भीत दोन, मग पाच, मग घरी. तिचा सूर हलला नव्हता, पण खाली काहीतरी उघडलं-मिटलं हे तिला कळलं. तिनं तिरप्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या ओळीला तो सूर जरा जास्तच लांब धरला, जणू बघू तर खरं, हा काय करतो. मी पाचच्या जागी बदली कॉर्ड टाकली. बाई खुदकन हसली आणि गात राहिली.

तिला गंमत वाटायला लागली तसा तिचा आवाज दर कडव्याला थोडा वर सरकायला लागला. मी बटण दाबत पाठलाग करत होतो. शाकीर मास्तर डोळे उघडे ठेवून वाजवत होते, त्यामुळे पाय मारायची गरज पडली नाही. सुनेचं झालं, विहिणींचं झालं, आणि मग तिनं तिथल्या तिथं जुळवलं:

"मांडवाच्या दारी, कशाचा गं कालवा,
थोरल्या जावयाला, जिलबी देऊन बोलवा.
दौंडाचा गं मास्तर, पेटी घेऊन आला,
सूर शोधू शोधू, मांडव उपाशी ऱ्हायला."

सगळं कार्यालय हसलं. मुलाकडचे हसले, मुलीकडचे त्याहून जास्त हसले, आप्पा तर खांबाला धरून हसले. माझ्या मानाचं जे काही शिल्लक होतं ते त्या दुसऱ्या कडव्यात गेलं. आणि खरं सांगतो, मला त्याचं काही वाटलं नाही, कारण 'ऱ्हायला' वर तिनं सूर सोडला तेव्हा मी नेमका तिच्याबरोबर घरी पोचलो होतो. जिलबीच्या पराती हलल्या. कस्तुराबाईनं गौतमीला स्टेजवरून खाली बोलावून आपल्या पानाशेजारी बसवलं आणि तिच्या तोंडात पहिला घास घातला.

मी सगळ्यात शेवटी जेवलो. आप्पा स्वतः वाढायला आले, पण हसू आवरेना म्हणून भात सांडून परत गेले. मी हात धुवायला बेसिनपाशी गेलो तेव्हा सत्यजीत तिथं एकटाच उभा होता, फेटा काखेत घेऊन. त्यानं इकडेतिकडे पाहिलं.

"दादा," तो म्हणाला, "आजीनं सूर धरला होता तेव्हा तुम्ही खाली शेवटून दुसरी टाकली, ती कुठली कॉर्ड?"

मग कळलं की त्याच्या सणसवाडीच्या खोलीत खाटेखाली एक गिटार आहे. शिफ्ट संपली की तो दार लावून वाजवतो. त्याला तीनच कॉर्ड येतात, आणि ही गोष्ट त्यानं अजून गौतमीलाही सांगितलेली नाही, कारण लग्न मोडेल अशी भीती होती. मी त्याला तिथंच, ओल्या हातानं बेसिनच्या कडेवर बोटं ठेवून दाखवलं. नवरामुलगा कुठे गेला म्हणून लोक शोधत आले तेव्हा आम्ही बदली शिक्षकापर्यंत पोचलो होतो.

आता दर रविवारी सकाळी ती पांढरी मोटार दौंडला आमच्या दारात लागते. शाकीर मास्तरांना लग्नाची तारीख नसली तर ते शिरूरहून तिच्यातूनच येतात. गौतमी आणि नीलम स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतात. पोपटराव रविवारी मुक्कामाला भांडगावला जातात, शेताकडे लक्ष द्यायला हवं म्हणतात.

मागच्या आठवड्यात नीलमनं आप्पांना फोन लावला. मी बाहेरच्या खोलीत होतो, पण ऐकू येत होतं. ती म्हणत होती की आप्पा, माझ्या वेळी तुम्हाला अनुभव नव्हता, ते समजू शकते. पण धाकटीच्या वेळी तरी नीट चौकशी करायची होती. आप्पांनी तिकडून काय सांगितलं ते तिनं फोन ठेवल्यावर आम्हाला सांगितलं. चौकशी केली होती, ते म्हणाले. तंबाखू विचारली, दारू विचारली, पत्ते विचारले. हे पण विचारायचं असतं, हे कुणी सांगितलंच नाही.